पहिला नंबर मुहम्मदचा, म्हणजे नेमके काय?

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या बाळांच्या नावांची यादी तिथले राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय दरवर्षी प्रसिद्ध करते. ५ डिसेंबर २०२४ रोजी २०२३ सालची यादी आली, आणि मुलग्यांच्या रकान्यात सगळ्यात वर पहिल्यांदाच 'मुहम्मद' हे नाव होते. एकूण ४,६६१ मुलगे. दुसऱ्या क्रमांकावर ४,३८२ नोहा, तिसऱ्यावर ऑलिव्हर. मुलींमध्ये ऑलिव्हिया, अमेलिया आणि आयला. (हे तिसरे नाव मराठी घरात मोठ्याने हाक मारून बघा, म्हणजे ते आपल्याकडे का चालणार नाही ते कळेल.)

बातमी जगभर फिरली, आपल्याकडच्या मोबाइलवरही आली. कुणी ती 'माशाअल्लाह' लिहून पुढे पाठवली, कुणी 'बघा, ब्रिटन गेले हातातून' असे लिहून. एकाला आनंद, दुसऱ्याला धास्ती. पण दोघांनीही आकड्याचा अर्थ एकच लावला, की त्या देशात आता मुसलमान मुलेच सर्वांत जास्त जन्मताहेत. ३१ जुलै २०२५ ला पुढची, म्हणजे २०२४ ची यादी आली. मुहम्मद ५,७२१ वर गेला, नोहा ४,१३९ वर राहिला आणि तोच खेळ पुन्हा झाला.

आता जरा हिशेब करू. २०२४ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये ५ लाख ९४ हजार बाळे जन्मली. त्यांत मुलगे तीन लाखांच्या थोडे वर. म्हणजे पहिल्या नंबरचे नाव शंभरातल्या दोन मुलग्यांनाही मिळालेले नाही. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांची नावे दुसरीच काही आहेत. वर्गात पहिला आलेला मुलगा म्हणजे सगळा वर्ग नव्हे, हे आम्हा शिक्षकांना निकालाच्या दिवशी पालकांना समजावून सांगावे लागते. इथे तर पहिला आलेल्याला शंभरात दोनही गुण नाहीत, फक्त बाकीच्यांना त्याहून कमी आहेत.

मुस्लिम लोकसंख्या वाढली नाही, असे मी म्हणत नाही. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये ती ४.९ टक्के होती, २०२१ मध्ये ६.५ टक्के झाली. पण साडेसहा टक्के लोकांचे नाव यादीत पहिले येते, ते केवळ त्या वाढीमुळे येत नाही. त्यासाठी आणखी दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. एक, या लोकांनी एकाच नावावर जीव लावलेला असावा. दोन, बाकीच्यांनी आपला जीव हजार नावांत वाटून टाकलेला असावा. ब्रिटनमध्ये दोन्ही घडले आहे.

आधी दुसरी गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये पाच मुलींत एक तरी मेरी असायची आणि जॉन, विल्यम, थॉमस या तिघांत निम्मे पुरुष संपायचे. गावात दहा जॉन असले की लोक त्यांना धंद्यावरून, उंचीवरून, टकलावरून ओळखत. आपल्या गावातल्या लंगड्या बाबू आणि काळ्या बाबूसारखेच. सांख्यिकी कार्यालयाने विसाव्या शतकातल्या दर दहा वर्षांच्या याद्याही काढल्या आहेत. १९०४ मध्ये विल्यम आणि मेरी पहिले, १९२४, १९३४ आणि १९४४ मध्ये जॉन आणि मार्गारेट, १९६४ मध्ये डेव्हिड आणि सुसान, १९८४ मध्ये ख्रिस्तोफर आणि सारा. नावे बदलत गेली, त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक पहिल्या नावाचा वाटा बारीक होत गेला. प्रत्येक आईबापाला आता आपले मूल वेगळे उठून दिसायला हवे असते. त्यामुळे पहिला नंबर मिळवण्यासाठी पूर्वीइतकी मुले लागतच नाहीत. शर्यतीतले बाकीचे धावणारे दमले, म्हणून एका चालीने चालणारा पुढे निघाला.

हा चालणारा काही काल-परवा आलेला नाही. त्याच याद्यांमध्ये 'मोहम्मद' पहिल्या शंभरांत प्रथम दिसतो तो १९२४ मध्ये, ९१ व्या क्रमांकावर. त्या वेळी हिंदुस्थानावर इंग्रजांचे राज्य होते आणि लंडन, कार्डिफ, साउथ शील्ड्स अशा बंदरांत येमेनी, सोमाली आणि बंगाली खलाशी वस्ती करून होते. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे नाव मागे पडले आणि साठच्या दशकात पुन्हा वर येऊ लागले. तेव्हा पाकिस्तानातून, विशेषतः मीरपूर भागातून, लोक यॉर्कशर आणि लँकेशरच्या कापडगिरण्यांत कामाला गेले होते.

आता पहिल्या गोष्टीकडे, म्हणजे एकाच नावावरच्या जिवाकडे येऊ. इथे आपल्या भागातल्या वाचकाला एक सोय आहे. आपल्याला ही रीत घरबसल्या माहीत आहे. 'मुहम्मद' हा अरबी शब्द, 'हम्द' म्हणजे स्तुती या धातूपासून आलेला. ज्याची पुष्कळ स्तुती होते तो. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांचे हे नाव बरकतीसाठी मुलाच्या नावाआधी जोडायचे, ही भारतीय उपखंडातल्या मुसलमानांची जुनी पद्धत. मुहम्मद आरिफ, मुहम्मद फरहान, मुहम्मद इम्रान. कागदावर दोन शब्द, घरात एकच: आरिफ, फरहान, इम्रान. आईला मुलावर ओरडायचे असते, धपाटा घालायचा असतो. तेव्हा ते पवित्र नाव तोंडी यायला नको, असाही एक अदब त्यामागे असतो. घरात चार भाऊ असले तर चौघांच्याही नावापुढे मुहम्मद असू शकते. त्यांची आई चौघांना एकाच नावाने हाक मारत नसते, हे शेजारच्या कुलकर्णीकाकूंनाही ठाऊक असते.

ब्रिटनच्या सरकारी कचेरीला हे ठाऊक नाही, आणि ठाऊक असले तरी उपयोग नाही. इंग्लंडमध्ये बाळ जन्मल्यापासून ४२ दिवसांत रजिस्ट्रारसमोर नोंद करावी लागते. त्या नोंदीतले पहिले नाव तेवढे यादीसाठी मोजले जाते. पाकिस्तानी किंवा बांगलादेशी मुळाच्या घरातल्या आरिफ, फरहान आणि इम्रान या तिन्ही भावांची मोजणी 'मुहम्मद, मुहम्मद, मुहम्मद' अशी होते. आरिफ हे नाव यादीत खाली कुठेतरी राहते किंवा राहतच नाही. म्हणजे जे नाव देशात पहिले आले, त्या नावाने शाळेत, मैदानावर, घरात हाक न मारली जाणारी मुले त्यात पुष्कळ आहेत. सगळी नव्हेत, अरब आणि सोमाली घरांत मुहम्मद हेच हाकेचे नाव असते. पण उपखंडातल्या रिवाजाचा या पहिल्या नंबरात मोठा हात आहे, यात मला शंका नाही.

मुलींचे बघा, म्हणजे हे पटेल. त्याच मुस्लिम घरांत मुलीही तितक्याच जन्मतात. पण मुलींना असे एकच बरकतीचे नाव पुढे जोडायची पद्धत नाही. कुणी मरियम, कुणी फातिमा, कुणी आयेशा, कुणी इनाया. मरियम आणि फातिमा पहिल्या शंभरात पोचल्या आहेत, पण वर ऑलिव्हिया, अमेलियांना त्यांची काहीच झळ नाही. ऑलिव्हिया २०१६ पासून पहिली आहे. जर यादी लोकसंख्येचे भविष्य सांगत असती, तर एकाच घरातल्या भावाने देश जिंकला आणि बहीण मात्र कुठे पोचलीच नाही, असे कसे झाले असते?

आणखी एक गाठ आहे ती स्पेलिंगची. हे नाव उर्दूत आणि अरबीत लिहायचे तर चार अक्षरे: मीम, हे, मीम, दाल. काना-मात्रा लिहायचे नसल्याने वादाला जागाच नाही. रोमन लिपीत आले की फाटे फुटतात. एम-यूने सुरू होणारा 'मुहम्मद' एक, एम-ओने सुरू होऊन ई-डीने संपणारा दुसरा, ए-डीने संपणारा तिसरा. सोमाली आणि इजिप्शियन माणूस एकच एम लिहितो. तुर्कस्तानात तो मेहमेत होतो, पश्चिम आफ्रिकेत मामादू. आणि आपली देवनागरी तरी कुठे एकमताची आहे? जुन्या मराठी पुस्तकांत महंमद, वर्तमानपत्रांत मोहम्मद, काळजीपूर्वक लिहिणाऱ्याकडे मुहम्मद, कोकणातल्या सातबाऱ्यावर महमद. गुणपत्रिकांवर तर 'एमडी' एवढेच छापलेले असते. आमच्या कॉलेजच्या हजेरीपटात असे बारावी पास 'एमडी' दरवर्षी दहा-पंधरा तरी असतात आणि त्यांतला एकही अजून डॉक्टर झालेला नाही.

ब्रिटनचे सांख्यिकी कार्यालय प्रत्येक स्पेलिंग वेगळे नाव धरते. त्यामुळे गेली पंधरा-वीस वर्षे तिथली काही वर्तमानपत्रे स्वतःच सगळी स्पेलिंगे बेरजेला घेऊन 'खरा पहिला नंबर लपवला' असे मथळे देत आली. २०२४ ची तिन्ही प्रमुख स्पेलिंगे (५,७२१, १,७६० आणि ९८६) मिळवली तर होतात ८,४६७. शंभर मुलग्यांत तीन भरत नाहीत. शिवाय बेरीज करायची तर सगळ्यांचीच करायला हवी. अमेरिकेत सोफिया 'पीएच'ने लिहितात आणि 'एफ'नेही. या दोघींची बेरीज केली तर तिथली पहिल्या नंबरची ऑलिव्हिया मागे पडते. पण त्यावर कुणी मथळा केलेला मला आठवत नाही.

आणि हा पहिला नंबर सगळ्या देशभरही नाही. २०२३ मध्ये इंग्लंडच्या नऊ विभागांपैकी चारच विभागांत मुहम्मद पहिला होता. वेल्समध्ये तर ६३ वा.

अमेरिकेकडे वळलो की चित्र वेगळे दिसते. तिथे मुहम्मद पहिल्या शंभरातही नाही. मुसलमानांचे प्रमाण जेमतेम एक टक्का, आणि त्यातही निरनिराळ्या देशांतून आलेले, निरनिराळ्या स्पेलिंगांचे. तिथली यादी काढते सामाजिक सुरक्षा प्रशासन, म्हणजे पेन्शनचे खाते. हे खाते १९३५ च्या कायद्याने सुरू झाले, पण यादी मागे १८८० पर्यंत जाते, कारण ज्या म्हाताऱ्यांनी पुढे कार्डासाठी अर्ज केले त्यांच्या जन्मसालांवरून ती तयार झाली. या यादीमागे एक गमतीचा माणूस आहे. मायकेल शॅकलफर्ड हे त्या खात्यातले विमागणिती. स्वतःचे नाव इतके सर्रास असल्याचा त्यांना कंटाळा आला होता. आपल्या होणाऱ्या बाळावर ती वेळ येऊ नये म्हणून १९९७ मध्ये त्यांनी खात्याच्या नोंदींवरून नावांची क्रमवारी काढली, आणि मग ती सगळ्यांसाठी खुली झाली. आज अमेरिकेत बाळाचे नाव ठेवणारे बहुतेक लोक ही यादी बघतात. कुठले नाव ठेवायचे यासाठी कमी आणि कुठले ठेवायचे नाही यासाठी जास्त.

त्यांचा कंटाळा अगदी रास्त होता. मायकेल हे नाव अमेरिकेत १९५४ मध्ये पहिले आले ते १९९८ पर्यंत तिथेच बसून राहिले. मधले फक्त १९६० चे एक वर्ष डेव्हिडने घेतले. १९९९ ते २०१२ जेकब. २०१३ ते २०१६ नोहा. २०१७ पासून लियाम.

आता हीच यादी उर्दूत वाचू या. मायकेल म्हणजे मिकाईल, चार मोठ्या फरिश्त्यांपैकी एक. कुरआनात त्याचा उल्लेख आहे. डेव्हिड म्हणजे हजरत दाऊद. जेकब म्हणजे हजरत याकूब, यूसुफचे वडील. नोहा म्हणजे हजरत नूह, जहाजवाले. म्हणजे १९५४ ते २०१६ अशी सलग ६३ वर्षे अमेरिकेत मुलग्याचे पहिल्या नंबरचे नाव असे होते, जे कुरआन वाचणाऱ्या कुठल्याही माणसाच्या ओळखीचे आहे. मुलींमध्ये १८८० पासून १९४६ पर्यंत दरवर्षी पहिली होती ती मेरी, म्हणजे मरियम. कुरआनात तिच्या नावाचा एक अख्खा सूरा आहे. रमजान हा कुरआन उतरू लागल्याचा महिना, आणि तो घेऊन येणारे जिब्रील म्हणजे गॅब्रिएल, तेही अमेरिकेच्या पहिल्या शंभरात नेमाने असतात. या त्रेसष्ट वर्षांत कुणालाही अमेरिका 'हातातून गेली' असे वाटले नाही, आणि वाटायचे कारणही नव्हते. ती नावे बायबलातून आली होती. जिथून बायबलने घेतली त्याच घराण्यातल्या गोष्टी कुरआननेही सांगितल्या. म्हणून ब्रिटनच्या यादीत मुहम्मदने नोहाला मागे टाकले, ही झुंज मुसलमान घरात बसून पाहणाऱ्याला झुंजच वाटत नाही. त्याच्या दृष्टीने दोघेही पैगंबर.

ही सलगता मोडली ती लियामने, आणि त्याचा धर्माशी काही संबंध नाही. लियाम हे विल्यमचे आयरिश छोटे रूप. २०२३ मध्ये अमेरिकेत २० हजार ८०० लियाम जन्मले, म्हणजे शंभर मुलग्यांत एकाच्या थोडे वर. १८८० मध्ये पहिल्या आलेल्या जॉनचा वाटा शंभरात आठ होता. पातळ होत जाणारी ही धार दोन्ही देशांत सारखीच आहे.

नावांची लाट येते कशी, यावर हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लिबरसन यांनी बरेच काम केले. २००० साली त्यांचे यावर पुस्तक आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: लोक म्हणतात की सिनेमाने, गाण्याने, राजघराण्याने नाव चालते. बहुतेक वेळा नाव आधीच वर चढत असते, नटी किंवा राजपुत्र त्या लाटेवर स्वार होतात. आणि लाट असते ती अर्थाची नव्हे, आवाजाची. लिंडाचे उदाहरण घ्या. जॅक लॉरेन्स या गीतकाराने आपल्या वकिलाच्या लहान मुलीसाठी 'लिंडा' नावाचे गाणे लिहिले. १९४७ मध्ये ते गाजले आणि त्याच वर्षी लिंडाने मेरीचे वर्षानुवर्षांचे राज्य संपवले. गाण्याचा प्रताप असे सगळे म्हणतात. पण १९४६ मध्ये, गाणे गाजायच्या आधीच, लिंडा दुसऱ्या क्रमांकावर येऊन थांबली होती. (ती वकिलाची मुलगी पुढे बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीची बायको झाली.) मग १९७० ते १९८४ जेनिफरची पंधरा वर्षे. २०१० च्या आसपास अमेरिकेत एडन, जेडन, ब्रेडन, मेसन, ईथन यांचा असा पूर आला की जन्मणाऱ्या मुलग्यांपैकी तिसऱ्या हिश्शाची नावे 'न'ने संपत होती. शाळेत बाईंनी नुसते 'डन' म्हटले तरी पाच जण उभे राहत असतील.

चढायला वेळ लागतो, पडायला लागत नाही. अमेझॉनने २०१४ च्या शेवटी आपल्या बोलत्या यंत्राचे नाव अलेक्सा ठेवले. २०१५ मध्ये अमेरिकेत सहा हजारांवर मुलींचे नाव अलेक्सा होते. पाच वर्षांत तो आकडा पाव हिश्शाच्या खाली आला. ज्या नावाने घरातला जो तो 'दिवा लाव, गाणे लाव' असा हुकूम सोडतो, ते नाव मुलीला कोण ठेवील? आयसिस ही इजिप्तची प्राचीन देवी, तिच्या नावाच्या मुली अमेरिकेत पुष्कळ होत्या. त्या नावाच्या आद्याक्षरांची दहशतवादी संघटना बातम्यांत आली आणि २०१५ मध्ये आयसिस पहिल्या हजारातूनही गेली.

दोन्ही देशांच्या आवडीत फरकही आहेत. इंग्रज माणूस लाडाचे नावच कागदावर घालतो: आर्ची, आल्फी, फ्रेडी, पॉपी. आपण बाळ्या आणि बबड्या जन्मदाखल्यावर लिहावे तसे. जॉर्ज आणि आर्थर ही आजोबांच्या काळची नावे तिथे पुन्हा आली आहेत. अमेरिकन माणसाला आडनावाचे नाव करायला आवडते: मेसन, कार्टर, हडसन, जॅक्सन.

आणि काही नावे अशी आहेत की त्यांचा प्रवास ऐकून उर्दूच्या मास्तराला वर्गात एक तास जास्त घ्यावासा वाटतो. लैला हे नाव दोन्ही देशांच्या पहिल्या शंभरात आहे, आणि ते केवळ मुसलमान घरांमुळे नाही. बाराव्या शतकात गंजा शहरात निजामीने फारसीत लैला-मजनूची मसनवी लिहिली. विसाव्या शतकात ती एरिक क्लॅप्टन या इंग्रज गिटारवादकाच्या हाती पडली. तो आपल्या मित्राच्या बायकोवर झुरत होता. १९७० मध्ये त्याने 'लैला' नावाचे गाणे केले. तिथून ते नाव अशा घरांत पोचले जिथे निजामी कोण हे कुणी ऐकलेलेही नाही.

अमेरिकेत अरबी नावे पसरवण्याचे खरे काम काळ्या समाजाने केले. गुलामगिरीत त्यांच्या पूर्वजांची नावे पुसून मालकांची लावली गेली होती. १९६४ मध्ये कॅशियस क्ले यांनी मुहम्मद अली हे नाव घेतले तेव्हा कित्येक वर्तमानपत्रे जुनेच नाव छापत राहिली. पण पुढच्या दशकात जमाल, मलिक, आयेशा, इमानी ही नावे काळ्या वस्त्यांत सर्रास झाली, मुसलमान नसलेल्या घरांतही. गायक स्टीव्ही वंडर यांनी आपल्या मुलीचे नाव आयेशा ठेवले. आणि २००८ मध्ये जे अध्यक्ष निवडून आले त्यांच्या बराक या नावात आपली 'बरकत'च आहे. तरुणपणी ते स्वतःला बॅरी म्हणवून घेत.

बॅरी का, हे विचारायची गरज नाही. नावाची किंमत मोजावी लागते. शिकागो आणि बोस्टनमधल्या नोकरीच्या जाहिरातींना दोन अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. मजकूर सारखा, नावे वेगळी: काहींवर एमिली आणि ग्रेग, काहींवर लकीशा आणि जमाल. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला दहा अर्जांमागे एक बोलावणे, काळ्या वाटणाऱ्या नावाला पंधरा अर्जांमागे एक. जमालचा अर्थ सौंदर्य. ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये बीबीसीने असाच प्रयोग केला. लंडनमधल्या शंभर नोकऱ्यांसाठी दोन अर्ज, शिक्षण आणि अनुभव तोच. एकाचे नाव अ‍ॅडम, दुसऱ्याचे मोहम्मद. अ‍ॅडमला बारा मुलाखतींची बोलावणी आली, मोहम्मदला चार. अ‍ॅडम म्हणजे हजरत आदम. म्हणजे मुसलमान घरात हे नावही चालते, आणि दारातून आतही जाते. ब्रिटनमधल्या किती आईबापांनी हा हिशेब केला असेल?

असा हिशेब परदेशातली मराठी घरेही करतात. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये जन्मलेल्या नातवंडांची नावे ऐका: माया, मीरा, नील, जय, रिया. आजीला परकी वाटत नाहीत, बाईंना उच्चारता येतात. आर्या हे नाव तर आता तिथल्या गोऱ्या घरांतही आहे. मोरोपंतांच्या आर्या कुणी वाचल्या म्हणून नव्हे, तर 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेतली एक तलवारबाज मुलगी त्या नावाची आहे म्हणून. मुस्लिम घरांत तोच कल सारा, आदम, जैन, लैला यांच्याकडे. ज्ञानेश्वर, विठाबाई, कुतुबुद्दीन आणि खैरुन्निसा यांना या रांगेत जागा नाही. आपल्याकडे मात्र अजून एक वेगळीच अडचण. ज्याच्या पासपोर्टवर आडनावाशिवाय एकच नाव आहे, त्याला अमेरिकेचा व्हिसा मिळतो तेव्हा पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येते. 'पहिले नाव अज्ञात' याचे ते लघुरूप. कित्येकांना मग तिथल्या बँकेत, कॉलेजात मिस्टर एफएनयू म्हणून हाक येते. बारशाला कुणीतरी पाळण्यात वाकून कानात सांगितलेले किंवा अकीक्याच्या दिवशी ठेवलेले नाव तिथे दुसऱ्या रकान्यात पडून असते.

ब्रिटनमधला बहुधा सर्वांत लाडका मोहम्मद म्हणजे धावपटू सर मो फराह. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पाच हजार आणि दहा हजार मीटर, दोन्हींत सुवर्ण. २०१६ मध्ये रिओला पुन्हा दोन्ही. स्टेडियम 'मो, मो' करून दुमदुमत असे. जुलै २०२२ मध्ये बीबीसीच्या माहितीपटात त्यांनी सांगितले की आपले नाव मोहम्मद फराह नाही. सोमालीलँडमध्ये यादवीत वडील मारले गेले. नऊ वर्षांचे असताना एका बाईने त्यांना जिबूतीहून ब्रिटनला आणले, ते दुसऱ्याच एका मुलाच्या नावाच्या कागदांवर. तिथे एका घरात त्यांना मुलांची देखभाल आणि घरकाम करायला ठेवले होते. शाळेतल्या खेळाच्या शिक्षकाला त्यांनी हे सांगितले, मग सुटका झाली. जन्माने मिळालेले त्यांचे नाव हुसेन अब्दी काहीन.

ते नाव त्यांनी परत घेतले नाही. जग त्यांना मो म्हणूनच ओळखते. २०१५ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव त्यांनी हुसेन ठेवले.